आयन आधी नावाला आले

‘वीज सोडली की मिठाचे आयन तयार होतात.’ दहावीच्या उत्तरपत्रिकेत हे वाक्य दर वर्षी सापडते आणि दर वर्षी त्याचे गुण कापले जातात. (आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणूंचा गट.) पण एकेकाळी मोठमोठे शास्त्रज्ञही हेच मानत होते.

व्होल्टाने आपल्या विद्युत घटमालेची माहिती 1800 साली लंडनला कळवली. त्याच वर्षी निकोल्सन आणि कार्लाइल यांनी विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. 1807 मध्ये हम्फ्री डेव्हीने पोटॅश, म्हणजे पोटॅशिअम हायड्रॉक्साइड, घेतले. पाण्यात विरघळवून वीज सोडली, तर हाती आले फक्त पाण्यातले वायू. पूर्ण कोरडे घेतले, तर वीज वाहीचना. शेवटी किंचित दमट पोटॅश प्लॅटिनमवर ठेवून त्याने जोरदार प्रवाह सोडला. पोटॅश वितळले आणि पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसू लागले. काही तर भडकून पेटलेही. पोटॅशिअम मिळाले होते! डेव्ही आनंदाने खोलीभर नाचला, अशी आठवण त्याच्या चुलतभावाने सांगितली आहे. काही दिवसांत सोडिअमही हाती आले.

एकाच प्रयोगात दहावीच्या धड्यातले दोन मुद्दे आले: स्थायू क्षारातून वीज वाहत नाही, आणि अशा द्रावणात पोटॅशिअमआधी पाणीच नंबर लावते. ‘का’ मात्र कोणालाच सांगता येईना.

डेव्हीचा मदतनीस फॅरेडे याने मोजमाप केले: जितका विद्युतभार, तितका पदार्थ सुटतो. 1834 मध्ये केंब्रिजच्या ह्यूएलच्या सल्ल्याने त्याने ॲनोड, कॅथोड (वीज आत-बाहेर नेणारी दोन टोके) आणि आयन हे ग्रीक वळणाचे शब्द रूढ केले. आयन या शब्दाचा अर्थ ‘जाणारा’. (ॲनोडसाठी आपला ‘धनाग्र’ शब्द विद्युत अपघटनात, म्हणजे वीज सोडून पदार्थ वेगळे करताना, चपखल बसतो. वीज देणाऱ्या घटात मात्र ॲनोड ऋण असतो, तिथे हाच शब्द गोंधळ घालतो.) पण फॅरेडेच्या मते हे ‘जाणारे’ प्रवाहामुळेच सुटे होत.

क्षार पाण्यात पडताच आयन सुटे होतात, वीज त्यांना फक्त ओढते, हे सांगायला स्वीडनचा आऱ्हेनिअस यावा लागला. 1884 मध्ये उप्साला विद्यापीठाने त्याच्या प्रबंधाला खालचा दर्जा दिला. 1903 मध्ये त्याच सिद्धान्तासाठी त्याला नोबेल मिळाले.

तरी कोरड्या खड्यातून वीज का वाहत नाही, हे कोडे उरलेच. 1913 च्या सुमारास ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाचा स्फटिक तपासला. आत सोडिअम-क्लोरिनच्या सुट्या जोड्या नव्हत्याच, दोघांची आलटून पालटून रचलेली जाळी होती. म्हणजे आयन कोरड्या मिठातही आहेत, फक्त जागेला खिळलेले. 801 अंश सेल्सिअसला मीठ वितळते, तेव्हा कुठे ते हलू लागतात.