आयएसए कार्डांमधील ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट

आयएसए बसच्या (जुन्या संगणकात जादा कार्डे जोडण्याच्या मार्गाच्या) काळातील संगणकात दोन कार्डांनी एकच पोर्ट ॲड्रेस (प्रोसेसर ज्या क्रमांकावर कार्डाशी बोलतो तो), आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची ओळ), डीएमए चॅनेल (प्रोसेसरला वगळून मेमरीशी थेट देवाणघेवाणीची वाट) किंवा मेमरीचा एकच पट्टा धरला, की होणारा घोळ म्हणजे ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट. घरगुती संगणकांतून तो केव्हाच हद्दपार झाला. ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यासारख्या औद्योगिक भागात मात्र एखादे चाचणी यंत्र धडधाकट असते आणि त्याचे नियंत्रण कार्ड फक्त आयएसए स्लॉटमध्ये बसते. तिथे ही विद्या अजून लागते.

मूळ अडचण जागेची. १९८१च्या आयबीएम पीसीसाठी बनलेली कार्डे ॲड्रेसच्या फक्त १० ओळी (तारा) वाचत, म्हणजे एकूण १०२४ पोर्ट. त्यांतले पहिले २५६ मदरबोर्डचे. १९८४च्या आयबीएम पीसी एटीमध्ये आयआरक्यू ८ वरून १६ झाले, पण टायमर, कीबोर्ड, फ्लॉपी, हार्ड डिस्क यांनी आपापले घेतल्यावर हाती मोजकेच उरत. शिवाय आयएसएवर एक आयआरक्यू दोघांत वाटून घेणे सहसा जमत नाही. कॉम १ आणि कॉम ३ हे सीरियल पोर्ट दोन्ही आयआरक्यू ४वर असल्याने माउस एकावर आणि मोडेम दुसऱ्यावर लावला, की डायल करताच माउस थिजायचा.

फसवा प्रकार वेगळाच. एनई२००० जातीच्या नेटवर्क कार्डाला सलग ३२ पोर्ट लागतात. जंपर (कार्डावरचा, पत्ता ठरवणारा छोटा पिनजोड) ३६०वर लावला तर कार्ड ३६० ते ३७एफ (हे आकडे सोळाच्या पायावरचे) एवढी जागा अडवते आणि ३७८वरच्या प्रिंटर पोर्टवर चढते. कागदावर दोन्ही आकडे वेगळे दिसतात, म्हणून दोष केबलला दिला जातो. ३०० किंवा ३४० निवडले की या दोघांपुरते भांडण मिटते. नुसता सुरुवातीचा आकडा पाहू नये, लांबीही पाहावी.

शोधायची खात्रीची पद्धत कंटाळवाणी आहे: डिस्प्ले आणि डिस्कपुरती कार्डे ठेवून बाकी काढायची, मग एकेक परत लावायचे. डॉसमधील एमएसडी या तपासणी प्रोग्रामचा अंदाज उपयोगी, पण त्यावर विसंबू नये. डॉसच्याच डीबग प्रोग्राममध्ये पोर्ट वाचून एफएफ (सोळाच्या पायावरचे २५५) आले तर जागा बहुधा रिकामी. मात्र काही पोर्ट नुसते वाचले तरी कार्डाची स्थिती बदलते, तेव्हा यंत्र चालू असताना हा प्रयोग नको.

१९९३च्या प्लग अँड प्ले आयएसएने आणि विंडोज ९५ने वाटपाचे काम संगणकाकडे दिले. जंपरवाले कार्ड या आपोआप वाटपाला दिसत नाही, हीच मेख. त्यामुळे बायोस सेटअपमध्ये (मदरबोर्डच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर) त्या कार्डाचा आयआरक्यू ‘लेगसी आयएसए’ म्हणून राखून ठेवावा लागतो. ही नोंद सीमॉस बॅटरीच्या (मदरबोर्डवरच्या छोट्या सेलच्या) जिवावर टिकते. दिवाळीच्या सुटीत यंत्र आठवडाभर बंद राहिले आणि सेल दमलेला असला, तर सेटअप मूळपदावर येतो, मदरबोर्डवरचा बंद केलेला कॉम २ पुन्हा जागा होतो आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले कार्ड अचानक रुसते. अशा वेळी कार्ड बदलायला मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठण्याआधी सेल बदलून सेटअप तपासावा. आणि प्रत्येक कार्डाचे पोर्ट, आयआरक्यू, डीएमए लिहिलेली चिठ्ठी कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवावी.