ओएस अपग्रेडनंतर नेटवर्क प्रिंटर का बंद पडतो : पार्श्वभूमी

विंडोज अपग्रेड केल्यावर कालपर्यंत चालणारा शेअर्ड प्रिंटर अचानक 'ऑफलाइन' दिसतो किंवा अ‍ॅडमिन पासवर्ड मागतो. केबल बदलून आणि राउटर बंद-चालू करून सहसा हाती काही लागत नाही, कारण मधल्या काळात विंडोजचे छपाईचे नियमच बदलले आहेत.

एलपीडी, ९१०० पोर्ट या नेटवर्कवरून प्रिंटरला काम पाठवण्याच्या जुन्या पद्धती, ही सगळी १९९०च्या आसपासची पिढी. विंडोज २०००सोबत 'व्हर्जन ३' ड्रायव्हर (विंडोजला प्रिंटर चालवायला शिकवणारे प्रोग्राम) आले आणि सर्व्हरनेच (प्रिंटर शेअर करणाऱ्या कॉम्प्युटरने) क्लायंटला, म्हणजे तो वापरणाऱ्या कॉम्प्युटरला, ड्रायव्हर पुरवायची 'पॉइंट अँड प्रिंट' पद्धत ऑफिसांच्या अंगवळणी पडली. सोय मोठी होती, पण स्पूलर, म्हणजे छपाईची कामं सांभाळणारा विंडोजचा भाग, सिस्टीमच्या सर्वोच्च अधिकारांनी चालतो. त्यातल्या एका त्रुटीचा फायदा २०१०मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या व्हायरससारख्या घातक प्रोग्रामने घेतला होता.

खरा भडका उडाला जुलै २०२१मध्ये. 'प्रिंटनाइटमेअर' त्रुटीमुळे साधं खातं असलेला कुणीही ड्रायव्हरच्या नावाखाली स्पूलरकडून हवा तो कोड चालवून घेऊ शकत होता. तातडीचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) आला आणि १० ऑगस्टच्या अपडेटने पॉइंट अँड प्रिंटमधून ड्रायव्हर टाकण्याचा किंवा अपडेट करण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवला. यावरचा वाद अजून मिटलेला नाही. सर्व्हरवर ड्रायव्हर बदलला की प्रत्येक टेबलावर जाऊन पासवर्ड टाकायचा, हा छोट्या ऑफिसांचा त्रास खरा आहे. तरी निर्णय बरोबरच होता. ड्रायव्हर म्हणजे सर्वोच्च अधिकारांनी चालू शकणारा कोड. तो कुणालाही टाकू देणं आधीच थांबायला हवं होतं. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) 'रिस्ट्रिक्ट ड्रायव्हर इन्स्टॉलेशन टू अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' ही नोंद शून्य केली की पासवर्डची कटकट संपते, पण तेच दार पुन्हा उघडतं. हा उपाय सर्रास सुचवला जातो, ही काळजीची गोष्ट आहे.

सप्टेंबर २०२१च्या पॅचने सर्व्हर आणि क्लायंटमधल्या आरपीसी संवादावर (एका कॉम्प्युटरने दुसऱ्याकडून काम करून घेण्याच्या पद्धतीवर) कडक पडताळणी लादली. एक बाजू पॅच झालेली, दुसरी जुनी, की '११बी'ने संपणारी एरर. पुढे विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीत हा संवाद नेम्ड पाइप या जुन्या मार्गाऐवजी टीसीपी या नेटवर्कच्या नेहमीच्या मार्गावरून होऊ लागला आणि '७०९'ची एरर नव्याने दिसू लागली. वर्षानुवर्षं अपडेट न केलेल्या मशीनवर थेट अपग्रेड केला, तर हे सगळे बदल एकदमच अंगावर येतात.

२०२३मध्ये प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे घेण्याची घोषणा झाली. दिशा आयपीपीची, म्हणजे कंपनीच्या वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या समान छपाई पद्धतीची आहे. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीमधला 'प्रोटेक्टेड प्रिंट मोड' चालू केला तर फक्त मोप्रिया-प्रमाणित (मोप्रिया या प्रिंटर कंपन्यांच्या संघटनेने प्रमाणित केलेले) प्रिंटर चालतात.

म्हणून आधी प्रिंटर प्रॉपर्टीजमधला 'पोर्ट्स' टॅब उघडावा. प्रिंटर थेट आयपीवर (स्वतःच्या नेटवर्क पत्त्यावर) असेल तर आरपीसीच्या एरर गैरलागू. पत्ता बदललाय का आणि ड्रायव्हर नव्या आवृत्तीसाठी आहे का, एवढंच तपासायचं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेला असेल, तर रजिस्ट्रीला हात लावण्याआधी दोन्ही मशीन अपडेट करावीत.