शरीर, नातं आणि सत्ता : आमचं समुपदेशन कसं चालतं

‘समुपदेशनात नुसतं बोलायचं असतं ना?’ पहिल्या फोनवर हा प्रश्न हमखास येतो. बोलायचं असतंच. पण आमच्याकडे बोलताना शरीराकडेही लक्ष दिलं जातं, तुमच्या-माझ्यातल्या नात्यावरही बोलणं होतं, आणि घरात, कामाच्या ठिकाणी कोणाचं चालतं, कोणाला गप्प बसावं लागतं, हेही स्त्रीवादी दृष्टीने विचारलं जातं. यायचं की नाही हे ठरवण्याआधी तुम्हाला याची कल्पना असावी, म्हणून हे पत्रक.

शरीराकडे का बघायचं?

पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, हातपाय गळतात. हे नुसते वाक्प्रचार नाहीत. धोका जाणवला की आपला विचार पुरा होण्याआधीच स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेची वाट न बघता आपोआप चालणारी, मज्जासंस्था कामाला लागते: ठोके वाढतात, श्वास भरभर होतो, स्नायू ताणले जातात, पचन मंदावतं. व्हेगस हा मज्जातंतू मेंदूच्या तळापासून हृदय, फुप्फुसं आणि थेट पोटापर्यंत जातो, आणि त्यातले बहुतेक तंतू शरीराकडचे निरोप मेंदूकडे नेतात. ‘आता घाबरायचं कारण नाही’ असं स्वतःला कितीही बजावलं तरी धडधड लगेच थांबत नाही, हा तुमच्या समजूतदारपणातला दोष नव्हे.

लढताही येत नाही आणि पळताही येत नाही, अशा वेळी शरीर थिजू शकतं. ‘मी तेव्हा ओरडले का नाही?’ हा प्रश्न कित्येक जणी वर्षानुवर्षं स्वतःला विचारत राहतात. थिजणं म्हणजे संमती नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. इथे येणाऱ्या प्रत्येकीने निदान एवढं तरी ऐकून जावं, असं मला मनापासून वाटतं.

समजा, कोणी सांगतंय, ‘ते सगळं मागे पडलं, मी बरी आहे,’ आणि सांगताना अंगठा मुठीत गच्च दाबलेला आहे. मी विचारते, ‘तुमच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. काय दिसलं ते सांगू का?’ हो म्हणालात तरच सांगते. मूठ सोडा असं म्हणत नाही. आहे तशी राहू द्या, हवं तर किंचित आणखी आवळा, आणि काय जाणवतं ते बघा, एवढंच. कधी उत्तर येतं, ‘राग.’ कधी ‘काहीच नाही,’ आणि तेही चालतं. त्याचा अर्थ मी परस्पर लावत नाही.

जुन्या आठवणीत एकदम उडी घ्यायला लावत नाही. थोडं तिकडे जायचं, मग पायांखालच्या जमिनीकडे, खुर्चीच्या आधाराकडे परत यायचं. डोळे मिटायची सक्ती नाही, कारण काहींची भीती त्याने वाढते. सत्रात आम्ही स्पर्श करत नाही.

नातं

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जीन बेकर मिलर यांनी १९७० च्या दशकात आग्रहाने मांडलं की माणसाची वाढ नात्यांतून होते, नात्यांपासून तुटून नाही. आमचं काम या विचाराला धरून चालतं. त्यामुळे मी कोऱ्या चेहऱ्याने नुसती टिपणं घेत बसत नाही. माझ्या चुकाही होतात: तुमचं वाक्य मध्येच तोडते, सल्ल्याची घाई करते. तुम्ही ‘असू दे’ म्हणता, पण खांदे वर चढलेलेच राहतात. असं झालं तर जरूर सांगा. दुखावल्याचं तोंडावर सांगूनही नातं टिकतं, हा अनुभव काहींना आयुष्यात पहिल्यांदा इथेच येतो.

‘स्त्रीवादी’ म्हणजे नेमकं काय?

पुरुषांविरुद्ध नव्हे. पुरुषही आमच्याकडे येतात, आणि ‘रडायचं नाही’ या शिकवणुकीचं ओझं त्यांच्याही छातीवर असतं. त्रास फक्त तुमच्या डोक्यात शोधायचा नाही, तुमच्या परिस्थितीतही शोधायचा, असा त्याचा अर्थ. ‘हिस्टेरिया’ हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला आणि बायकांच्या नाना तक्रारींवर शतकानुशतकं चिकटवला गेला. समलैंगिकतेला १९७३ पर्यंत अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आजार ठरवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण दर ३ स्त्रियांपैकी १ स्त्री आयुष्यात कधी तरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसते. हे बाजूला ठेवून एखादीच्या झोपमोडीबद्दल बोलणं मला अपुरं वाटतं. नोकरी आणि घर दोन्ही एकटीने ओढणारीला श्वासाचा व्यायाम जरूर शिकवू, पण दीर्घ श्वासाने कामाची वाटणी बदलत नाही, हेही बोलू. नातं तोडा किंवा सांभाळा, असं मात्र सांगणार नाही. तो निर्णय तुमचा.

सत्ता या खोलीतही असते. म्हणून उद्दिष्टं दोघांनी मिळून ठरवायची. शुल्क आधीच सांगितलं जातं. माझं शिक्षण काय, माझ्या कामावर कोणाची देखरेख आहे, हे बेधडक विचारा.

थोडं व्यवहाराचं

सत्र ५० मिनिटांचं. तुमचं बोलणं बाहेर जात नाही. अपवाद तीनच: जिवाला धोका, लहान मुलांवरचा अत्याचार किंवा कायद्याची सक्ती. छातीत दुखणं किंवा नवी शारीरिक तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि चालू औषधं आपल्या मनाने बंद करू नका. नात्यात मारहाण चालू असेल तर जोडप्याला आम्ही एकत्र बसवत नाही, कारण इथे बोललेल्या शब्दाची किंमत एकीला घरी मोजावी लागू शकते.

आल्यावर खुर्ची हवी तिथे सरकवून घ्या. दाराजवळ, खिडकीपाशी, माझ्याकडे थोडी पाठ करूनही. पहिलं सत्र तिथूनच सुरू होतं.