कॅनडात भाऊ-बहीण, भाचा-पुतणीला पीआर (कायम राहण्याचा परवाना): कोणाला बोलावता येतं आणि कागद कोणते लागतात

गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत दरवर्षी कोणीतरी विचारतंच: "मला सिटिझनशिप मिळाली, आता भावाला आणता येईल ना?" दहातल्या नऊ जणांसाठी उत्तर 'नाही' असं असतं. उरलेला दहावा मात्र अनेकदा प्रयत्नच करत नाही, कारण त्यालाही कोणीतरी 'नाही' सांगून ठेवलेलं असतं.

कॅनडाच्या फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे नातेवाइकांना कायमचं बोलावून घेण्याच्या वर्गात, नवरा-बायको, मुलं, आई-वडील आणि आजी-आजोबा येतात. भाऊ, बहीण, भाचा, पुतणी, काका, मावशी, चुलत-मावस भावंडं यांच्यासाठी इमिग्रेशनच्या नियमांतल्या कलम ११७ मध्ये दोनच अरुंद वाटा ठेवल्या आहेत.

पहिली वाट अनाथ मुलांची. तुमचा सख्खा भाऊ, बहीण, भाचा, भाची, पुतण्या, पुतणी किंवा नातवंड १८ वर्षांखालचं आणि अविवाहित असेल, आणि त्याचे आई व वडील दोघंही वारलेले असतील, तर तुम्ही त्याला स्पॉन्सर करू शकता, म्हणजे खर्चाची हमी देऊन बोलावू शकता. दोघंही, हे महत्त्वाचं. बाप घर सोडून गेला आणि पत्ता नाही, आई तुरुंगात आहे, मूल आजीनेच वाढवलंय, यातलं काहीही चालत नाही. माणूस म्हणून हे कठोर वाटतं, पण इथे पळवाट शोधण्यात वेळ घालवू नका.

दुसरी वाट एकट्या माणसाची. स्पॉन्सरला कॅनडात जवळचं कोणीच नसेल आणि बोलावता येण्याजोगं दुसरं कोणी नसेल, तर तो रक्ताच्या किंवा दत्तक नात्यातल्या एका व्यक्तीला बोलावू शकतो. वयाची अट नाही. मेहुणा, मामी, नणंद ही लग्नाने आलेली नाती इथे धरत नाहीत. पण तुमच्या मामाला बोलावलंत तर मामी त्यांच्यासोबत त्याच अर्जात येऊ शकते, आणि त्यांची २२ वर्षांखालची अविवाहित मुलंही.

'एकटा' कोणाला म्हणायचं, इथेच बहुतेकांची गाडी अडते. आधी कागदावर वंशावळ काढा आणि दोन प्रश्न विचारा. पहिला: तुमचा जोडीदार, मूल, आई, वडील, आजी-आजोबा, भावंडं, भाचे-पुतणे, काका, आत्या, मामा, मावशी यांपैकी कोणी कॅनडाचा नागरिक किंवा पीआर (कायम रहिवासी) आहे का? दुसरा: जगात कुठेही असलेलं असं कोणी आहे का, ज्याला तुम्ही फॅमिली क्लासमधून स्पॉन्सर करू शकता? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तरच पुढे जा.

दुसरा प्रश्न जास्त फसवा आहे. सातारला आई हयात असेल तर वाट बंद, कारण आईला स्पॉन्सर करता येतं. चारांपैकी एक आजी हयात असली तरी तेच. "आईला इथली थंडी सोसत नाही, ती येणारच नाही" किंवा "तिच्यासाठी लागतं तेवढं माझं उत्पन्न नाही" ही कारणं चालत नाहीत. अर्ज करण्याचा मार्ग आहे की नाही एवढंच बघतात, तो मंजूर होईल का हे नाही. फेडरल कोर्ट ऑफ अपीलने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं. उलट, सातारला राहणारा सज्ञान सख्खा भाऊ आडवा येत नाही, कारण त्याला एरवी स्पॉन्सर करताच येत नाही. आणि कॅनडातल्या ब्रॅम्प्टन शहरातला चुलतभाऊही आड येत नाही, कारण चुलत-मावस भावंडं पहिल्या प्रश्नाच्या यादीत नाहीत.

म्हणजे आई-वडील आणि आजी-आजोबा गेलेले, लग्न केलेलं नाही, मूल नाही, काका-मामा-भावंडं सगळी भारतातच, अशा माणसाने हा अर्ज जरूर विचारात घ्यावा. एकाच नातेवाइकाची सोय आहे, त्यामुळे कोणाला बोलवायचं हे घरात नीट बोलून ठरवा. नंतरचे रुसवेफुगवे इमिग्रेशन खातं सोडवत नाही.

स्पॉन्सर १८ वर्षांवरचा, नागरिक किंवा पीआर आणि कॅनडातच राहणारा हवा. दिवाळखोरीतून अजून मोकळा न झालेला, अपंगत्वाखेरीज अन्य कारणाने सरकारी मदतीवर जगणारा किंवा आधीच्या स्पॉन्सरशिपची देणी थकवलेला माणूस अपात्र ठरतो. गेल्या १२ महिन्यांचं उत्पन्न ठरलेल्या किमान मर्यादेइतकं लागतं आणि कुटुंबाच्या संख्येत येणारी माणसंही मोजतात. त्यासाठी सीआरएची (कॅनडाच्या कर खात्याची) नोटीस ऑफ असेसमेंट, म्हणजे कर आकारणीचं पत्र, जोडायची. मग हमीपत्रावर सही: १० वर्षं त्या व्यक्तीचा खर्च तुमचा. मधल्या काळात तिने सरकारी मदत घेतली तर पैसे तुमच्याकडून वसूल होतात. भांडण झालं, नोकरी गेली, ती नागरिक झाली, तरी हमी सुटत नाही. क्युबेकमध्ये राहणाऱ्यांना हमीची प्रक्रिया प्रांताकडे वेगळी करावी लागते.

खरी दमछाक कागदांची. या अर्जात तुमचं नातं तर सिद्ध करायचंच, शिवाय दुसरं कोणी नाही हेही दाखवायचं. त्यामुळे आई-वडील आणि चारही आजी-आजोबांचे मृत्यूचे दाखले लागतील असं धरून कामाला लागा. गावी वारलेल्या आजोबांची नोंदच झालेली नसते. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, तपासा. फार जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, तेव्हा लिप्यंतर करून घ्यावं लागेल. नोंद नसेलच तर एक वर्षाहून जुन्या जन्म-मृत्यूची नोंद आता जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होते. ही २०२३ ची दुरुस्ती. पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागायचं. महाराष्ट्रात २०२५ पासून अशा उशिराच्या नोंदींची छाननी कडक झाली आहे, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

चुलतभावाचं नातं दाखवायचं तर तुमचा जन्मदाखला, त्याचा जन्मदाखला, आणि दोघांचे वडील एकाच आई-बापाची मुलं असल्याचा पुरावा, अशी साखळी लागते. शाळा सोडल्याचा दाखला आणि वारसनोंदीचा फेरफार इथे फार उपयोगी पडतात. फेरफारात बहुतेकदा सगळ्या वारसांची नावं एकत्र सापडतात. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. कागद अपुरे वाटले तर अधिकारी डीएनए चाचणी सुचवू शकतो. आईचं माहेरचं आणि सासरचं नाव वेगवेगळ्या कागदांवर असेल तर लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा. मराठी कागदांचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर हवं, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह. घरातल्या कोणी केलेलं भाषांतर चालत नाही, तो कितीही शिकलेला असला तरी.

फॉर्म त्यामानाने सोपे. स्पॉन्सरचा आयएमएम १३४४ आणि उत्पन्नाचा १२८३; येणाऱ्याचे ०००८, ५६६९ आणि ५४०६. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकानुसार स्पॉन्सरशिपचे ८५, प्रक्रियेचे ५४५ आणि पीआर हक्काचे ५७५ कॅनेडियन डॉलर होते, बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ वेगळे. यातलं बरंचसं शुल्क दर दोन वर्षांनी वाढतं, म्हणून भरण्याच्या दिवशीचा दर बघा. अनाथ मुलाला पीआर हक्काचं शुल्क नाही. वैद्यकीय तपासणी खात्याने नेमलेल्या डॉक्टरकडेच. पोलीस दाखला भारताचा पासपोर्ट सेवेतून काढायचा आणि गेल्या १० वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त जिथे राहणं झालं, त्या प्रत्येक देशाचा.

१३४४ मध्ये एक चौकट लोक न वाचता भरतात. स्पॉन्सर म्हणून तुम्ही अपात्र ठरलात तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालू ठेवायचा, असं तिथे विचारलेलं असतं. मागे घेतलात तर स्पॉन्सरशिपचं शुल्क सोडून बाकीचे पैसे परत मिळतात, पण अपिलाचा हक्क जातो. चालू ठेवलात तर नकारानंतर ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाता येतं. मात्र ती व्यक्ती फॅमिली क्लासमध्ये बसतच नाही असं ठरलं, तर माणुसकीच्या कारणांवर सूट देण्याचा अधिकार त्या डिव्हिजनलाही नाही. ज्यांची वाट वर सांगितल्याप्रमाणे बंद आहे त्यांच्या भावा-बहिणीने स्वतःच्या शिक्षण-अनुभवावर एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर निवड करणाऱ्या योजनेत, अर्ज करावा. सख्खं भावंड कॅनडात राहणारं नागरिक किंवा पीआर असेल तर तिथे १५ गुण जास्त मिळतात.