बदली कलाकार (व्यावसायिक रंगभूमी)

ठरलेला नट किंवा नटी आजारपण, अपघात, प्रवासातला खोळंबा वा दुसरे काम यांमुळे प्रयोगाला उभी राहू शकत नसेल, तर ती भूमिका करण्यासाठी तयार केलेला कलाकार. मराठी रंगभूमीवर ‘बदली’ किंवा ‘रिप्लेसमेंट’ हे एकच नाव सगळ्यांना चालते. लंडन आणि न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर मात्र कामाच्या स्वरूपानुसार चार प्रकार मानतात.

‘अंडरस्टडी’ रोज त्याच नाटकात लहान भूमिका करतो आणि मोठी भूमिका जोडीने पाठ ठेवतो. तो वर सरकला की त्याची जागा रिकामी होते, म्हणून एक बदली पुष्कळदा दोन-तीन बदल्यांची साखळी होते. ‘स्टँडबाय’ एरवी रंगमंचावर येत नाही. एखाद-दुसऱ्या प्रमुख भूमिकेसाठी हाकेच्या अंतरावर राहतो. ‘ऑल्टरनेट’ आठवड्याच्या आठ प्रयोगांतले ठरावीक प्रयोग करतो; गळ्यावर ताण आणणाऱ्या भूमिकांत ही सोय करतात. ‘स्विंग’चे काम सर्वांत कठीण आणि सर्वांत कमी ओळखले जाणारे. समूहातल्या अनेकांच्या जागा, वळणे, उचलायच्या वस्तू आणि वेशबदल तो माणसागणिक वहीत टिपून ठेवतो. दोघे एकाच दिवशी गैरहजर असले, तर दोघांच्या कामातला आवश्यक भाग निवडून एकट्याने निभावतो.

मराठीतील उगमाविषयी दोन मते संभवतात. इंग्रजी नाटकांच्या अनुकरणातून ही व्यवस्था आली, हे एक. ती नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडपद्धतीतून, म्हणजे सगळ्यांनी एकत्र राहण्याच्या रीतीतून, आपोआप घडली, हे दुसरे. आणि ते अधिक पटण्यासारखे आहे. विष्णुदास भावे यांच्या परंपरेतील (१८४३ पासून) खेळांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रांची भाषणे बरीचशी उत्स्फूर्त असत. कथाभाग ठाऊक असलेला दुसरा नट उभा करणे तुलनेने सोपे होते. साधारण १८६० नंतर लिखित नाटके रुळली आणि नक्कल, म्हणजे आपल्या भूमिकेची लिहिलेली वाक्ये, पाठ असणे अपरिहार्य झाले. पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले, तेव्हापासून त्यात गळ्याची अट मिसळली. मंडळीत राहणारी पगारी मुले रोज विंगेत उभी राहून मोठ्यांच्या नकला ऐकत. बदलीची खरी शाळा तीच असावी. मुख्य गायक नटाला मात्र पर्याय क्वचितच असे. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी (१९११) मुलीच्या मृत्यूची बातमी येऊनही बालगंधर्व उभे राहिले, असे सांगतात. ही कथा त्यागाची म्हणून सांगितली जाते. पण तयार बदली नसल्याची साक्ष म्हणूनही ती वाचायला हवी.

संगीत नाटकात बदलीचा पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे गळ्याला सोयीच्या मूळ सुराचा. काळी एकमध्ये (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) बसवलेले पद काळी चारच्या गळ्याकडे गेले, तर ऑर्गनवादकाने सूर बदलून भागत नाही. त्या पट्टीत लावलेला तबलाही तयार ठेवावा लागतो. द्वंद्वगीतात तर दोघांपैकी एकाला आपली सोयीची पट्टी सोडावीच लागते.

आजच्या व्यावसायिक नाटकात राखीव नट सहसा पगारावर नसतो. मानधन ‘नाइट’वर, म्हणजे प्रयोगागणिक असल्याने रिकाम्या माणसाचा खर्च निर्मात्याला झेपत नाही. चित्रीकरणाच्या तारखा आधी कळल्या की बदली शोधतात, संहिता व प्रयोगाची चित्रफीत देतात आणि दोन-चार तालमींत उभे करतात. चित्रफीत प्रेक्षागृहातून घेतलेली असते, त्यामुळे डावे-उजवे उलटे पाठ होण्याचा धोका असतो. हालचाली सहदिग्दर्शकासमोर उभ्यानेच बसवाव्यात. स्वतःची वाक्ये पक्की, पण समोरच्याच्या वाक्याचा शेवट कच्चा, ही सर्वांत नेहमीची चूक. विनोदी नाटकात हशासाठी किती थांबायचे, हे तालमीत कळत नाही. कपडेपटाने शिलाईत माया (आत दुमडलेले जादा कापड) सोडलेली नसली, तर ऐनवेळी पिना लावून भागवावे लागते. उंचीत फरक असेल, तर चेहऱ्यावरचा प्रकाशझोत पुन्हा लावावा लागतो.

पुण्यात आणखी एक अडचण येते. भरत नाट्य मंदिराचा मंच बालगंधर्व रंगमंदिराच्या मानाने लहान असल्याने विंगेपासून सोफ्यापर्यंतची पावले बदलतात. मुरलेला नट ते सहज सांभाळतो, बदली वाक्याच्या मध्येच जागेवर पोचतो. म्हणून तिसऱ्या घंटेच्या बऱ्याच आधी, नेपथ्य लागल्यावर त्याला सगळ्या एंट्र्या एकदा चालून पाहू देणे आवश्यक आहे. मुंबईहून येणारा मुख्य नट घाटात अडकला, तर पुण्यातच राहणारा बदली उपयोगी पडतो. संचाच्या बसमधूनच येणारा नाही.

स्विंगच्या जवळ जाणारी गरज पुण्याच्या ‘घाशीराम कोतवाल’सारख्या (१९७२) समूहनाट्यात दिसते. तेथे माणसांचाच पडदा होतो. रांगेतला एक कमी झाला, तर उरलेल्यांना अंतर व ताल दोन्ही नव्याने जुळवावे लागतात. बालभूमिकांसाठी शाळा-परीक्षांमुळे दोन मुले तयार ठेवतात, आणि कपड्यांसाठी ती शक्यतो एकाच अंगलटीची निवडतात.