आंघोळ संपली हे कोण सांगतं?

परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाई सांगत होत्या, "मला ना, ओसीडीच आहे. ओट्यावर पाण्याचा एक थेंब दिसला तरी चालत नाही." सगळे हसले. मला हसता आलं नाही, कारण मला माझ्या मावसभावाची आंघोळ आठवत होती. सकाळी साडेसहाला तो बाथरूममध्ये शिरायचा आणि नऊ वाजले तरी आतून पाण्याचा आवाज यायचा. बाहेर आला की बोटं सुरकुतलेली, कोपराच्या आत लाल चिरा, डोळे रडवेले. टापटिपीची आवड असलेल्या माणसाला ओटा पुसला की बरं वाटतं. याला अडीच तासांनीही बरं वाटत नसे.

ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर; जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणत. नको असलेला विचार मनात पुन्हा पुन्हा घुसतो आणि तो शांत करायला एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात हजार प्रौढांमागे साधारण आठ जणांना हा आजार आहे. यातले काही जण उलट आठवडा-आठवडा आंघोळच टाळतात. एकदा आत शिरलं की तीन तास सुटका नाही, ही धास्तीच इतकी मोठी असते. घरचे मात्र त्यांना आळशी ठरवून मोकळे होतात.

आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. पोट भरलं हे आपल्याला कसं कळतं? जठर ताणलं जातं, आतड्यांतून संप्रेरकं सुटतात, मेंदूला निरोप पोचतो. पण अंगावरचे जंतू गेले, हे सांगणारी अशी कुठलीच यंत्रणा शरीरात नाही. जंतू आधीही दिसत नव्हते, नंतरही दिसत नाहीत. तेव्हा धोका टळला हे मेंदूला स्वतःच ठरवावं लागतं. चार तांबे ओतले, साबण लावला, धुतला, की आतून एक भावना उमटते: 'झालं.' तिच्याकडे आपलं कधी लक्षही जात नाही. २००४ साली कॅनडातल्या हेन्री शेक्टमन आणि एरिक वुडी यांनी असं मांडलं, की ओसीडीतला मूळ बिघाड धोक्याची घंटा वाजण्यात नाही, ती थांबवणाऱ्या या जाणिवेत आहे. धुणं व्यवस्थित होतं, 'झालं' मात्र उमटत नाही. अंग स्वच्छ आहे हे बहुतेक रुग्णांना पक्कं ठाऊक असतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तसं आतून वाटणं वेगळं. म्हणून "अरे, स्वच्छ आहेस की तू!" हे शंभरदा सांगूनही उपयोग होत नाही.

मेंदूत बघायचं तर कपाळामागच्या भागातून निघालेला निरोप आत खोलवर असलेल्या कॉडेट नावाच्या केंद्रात जातो, तिथून थॅलॅमस या दुसऱ्या केंद्रात आणि फिरून कपाळामागे. कॉडेटमधून दोन वाटा निघतात. एक थॅलॅमसवरचा लगाम सैल करते, दुसरी आवळते. ओसीडीत सैल करणारी वाट वरचढ होते आणि तोच निरोप गरगर फिरत राहतो, असं मानलं जातं. १९९२ साली अमेरिकेत लुइस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मेंदूचे पेट स्कॅन काढले, म्हणजे कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो हे दाखवणारी चित्रं. काहींना फ्लुओक्सेटिन हे औषध दिलं होतं, काहींना नुसती वर्तनोपचाराची तालीम. दोन्ही गटांत जे सुधारले, त्यांच्या उजव्या कॉडेटमधला ग्लुकोजचा वापर कमी झालेला दिसला. गोळी न घेता, केवळ वागणं बदलून मेंदूतलं केंद्र शांत होतं! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

या तालमीची सुरुवात १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी केली. ज्याची भीती आहे त्याला हात लावायचा आणि नंतरचं धुणं करायचं नाही. धुतल्यावर मिळणारी क्षणभराची सुटकाच पुढच्या धुण्याला खतपाणी घालते, ती तोडायची. हे तज्ज्ञांच्या मदतीने, सोप्या पायरीपासून करायचं असतं. औषधाचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. मावशीची पहिली दोन वर्षं अंगारे आणि उताऱ्यांत गेली. त्या दोन वर्षांत आजार मुरला, याचा मला आजही राग येतो. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कातडीचंही ऐका. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) पाचच्या आसपास. साध्या साबणाचा नऊ-दहा. तासन् तास घासलं की वरचं संरक्षक अस्तर झिजतं आणि चिरांतून जंतूंना आयतीच वाट मिळते.

भावाच्या समुपदेशक ताईंनी शॉवर बंद करून बादली आणायला लावली. शॉवरला शेवट नसतो, बादलीला असतो. जी खूण मेंदू देत नव्हता ती प्लॅस्टिकच्या बादलीने द्यायची. आधी तीन बादल्या, मग दोन, मग एक. प्रत्येक अवयवाला साबण एकदाच, क्रम रोज वेगळा, तांबे मोजायचे नाहीत. बादली रिकामी झाली की 'झालं' वाटो न वाटो, बाहेर. आणि बाहेर आल्यावर "मी स्वच्छ आहे ना?" असं त्याने विचारलं, तर घरच्यांनी उत्तर द्यायचं नाही. मावशीला हेच सगळ्यात जड गेलं.

एका बादलीच्या पहिल्या दिवशी तो वीस मिनिटांत बाहेर आला. परत आत जायचं नाही म्हणून गॅलरीचा कठडा घट्ट धरून तासभर उभा राहिला, केसांतून पाणी ठिबकत होतं. मध्येच त्याने हाक मारली, "आई, झाली ना गं माझी नीट?" मावशीने पदराने डोळे पुसले आणि पोहे परतत म्हणाली, "लिंबू पिळू का रे वरून?"