रक्तातली साखर आणि पेशीवरची साखर: कर्करोगाच्या चर्चेतला एक हट्टी घोळ

कर्करोगाच्या पेशी साखरेच्या आवरणाआड दडून प्रतिकारशक्तीला चकवतात, अशी बातमी आली की तिच्यामागोमाग ‘म्हणूनच साखर बंद करा’ हा सल्ला हमखास येतो. बातमी बरोबर असते. सल्ल्याचा तिच्याशी काडीचाही संबंध नसतो.

रक्तातल्या ग्लुकोजविषयी फार सांगायला नको. ते इंधन आहे. कर्करोगाच्या अनेक पेशी ते अधाशीपणे ओढून घेतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवले होते, आणि पेट स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते तीही त्यामुळेच. मात्र आहारातून साखर वगळली तरी यकृत ग्लुकोज तयार करून रक्तातली पातळी टिकवून ठेवते; म्हणजे गाठ उपाशी राहत नाही, आणि आहार फार तोडला तर वजन रुग्णाचे घटते.

पेशीवरची साखर जाळण्यासाठी नसते. पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना आणि मेदांना वेगवेगळ्या शर्करांच्या फांद्याफांद्यांच्या साखळ्या जोडलेल्या असतात, आणि त्यांपैकी अनेकींच्या टोकाशी सायलिक आम्ल ही नऊ कार्बनची, ऋणभारित शर्करा असते. प्रतिकारपेशींवरचे सिग्लेक नावाचे रिसेप्टर हे टोक ओळखतात आणि त्यांतले बहुतेक ‘ही आपलीच पेशी, हल्ला नको’ असा संदेश आत पोहोचवतात. निरोगी पेशींनाही सायलिक आम्ल असतेच. कर्करोगाच्या अनेक पेशी त्याचा थर अधिक दाट करतात.

खरी गल्लत याच्या पुढे होते, आणि ती चांगल्या वाचकांचीही होते. त्यांचा युक्तिवाद असा: या साखळ्यांचा कच्चा माल शेवटी ग्लुकोजमधूनच येतो, शिवाय रक्तात साखर वाढली की ती प्रथिनांना चिकटते, हे मधुमेहाच्या एचबीएवनसी या रक्तचाचणीवरून सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा रक्तातली साखर वाढली की पेशीवरचा थरही जाड होणार. हा युक्तिवाद दोन निराळ्या रासायनिक क्रियांना एक समजतो. हिमोग्लोबिनला ग्लुकोज आपसूक चिकटते, त्याला कोणतेही विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) लागत नाही, आणि म्हणूनच ते किती चिकटले यावरून गेल्या दोनतीन महिन्यांतील पातळी कळते. पृष्ठभागावरच्या साखळ्या मात्र पेशीच्या आत विकरे एकेक शर्करा ठरावीक जागी जोडून घडवतात, आणि कोणती विकरे किती बनवायची हे त्या पेशीतील जनुकांच्या कार्यावर अवलंबून असते. पेशीच्या चयापचयाचा या घडणीवर काही परिणाम होतो, हे मान्य. पण टोकाशी काय बसणार हे मुख्यतः विकरे ठरवतात. रक्तगटच पाहा. ए गटाचे विकर एक शर्करा जोडते, बी गटाचे दुसरी, आणि ओ गटात ते विकर निष्क्रिय असते. मधुमेह झाला म्हणून कोणाचा रक्तगट बदलत नाही. सीए १९-९ ही रक्तात मोजली जाणारी कर्करोगाची खूणही सायलिक आम्ल असलेली एक शर्करारचनाच आहे. ती बनवण्यास आवश्यक विकर ज्यांच्यात जन्मतः नसते, त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तरी ही खूण सहसा वाढत नाही, मग त्यांच्या आहारात साखर कितीही असो.

उपचाराची दिशाही यातूनच ठरते. पीडी-१ हा प्रतिकारपेशींवरचा एक रिसेप्टर त्यांना आवरून धरतो; त्याला अडवणारी औषधे हा एक लगाम सोडतात. सिग्लेक हा तसाच दुसरा लगाम आहे. रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटाने २०१६ मध्ये ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाला सायलिक आम्ल तोडणारे विकर जोडले: प्रतिपिंड एचईआर-२ प्रथिन असलेली पेशी शोधते, विकर तिच्यावरची टोके छाटते, आणि मग प्रयोगशाळेत नैसर्गिक मारक पेशी (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) तिला अधिक चांगल्या प्रकारे मारतात. (बर्टोझी यांना २०२२ मध्ये नोबेल मिळाले ते जिवंत पेशींत बाधा न आणता घडवता येणाऱ्या रासायनिक क्रियांसाठी, कर्करोगावरील या उपचारासाठी नव्हे.) या साऱ्यात रक्तातल्या ग्लुकोजला कोणी हातही लावलेला नाही. मधुमेह असलेल्या रुग्णाने साखर आटोक्यात ठेवावीच, पण ती मधुमेहासाठी. सिग्लेकचा लगाम त्याने सैल होत नाही.